वेबमेल सोडून संगणकातल्या मेल प्रोग्रामकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या होमस्टेवाल्यांकडून, आंबा-काजूच्या व्यावसायिकांकडून, पतसंस्था आणि शाळांच्या कार्यालयांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः थंडरबर्ड हा संगणकावर बसवायचा मोफत मेल प्रोग्राम धरून दिली आहेत. मेनूंची नावे इंग्रजी आवृत्तीतली आहेत. आवृत्ती बदलली की एखादे नाव थोडे इकडेतिकडे होते. सगळे वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ आणि १४ वाचा, आणि ते वाचल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

## सुरुवातीचे प्रश्न

१. माझं जीमेल ब्राउझरमध्ये नीट चालतंय. मग हा खटाटोप कशाला?

ब्राउझरमध्ये दिसणारा मेल तुमच्या संगणकात नसतो. प्रत्येक वेळी तो सर्व्हरवरून मागवला जातो. त्यामुळे नेट गेले की आजचा मेल तर जातोच, मागच्या वर्षीचाही हाताशी राहत नाही. जूनमध्ये तारांवर माड आडवा झाला, टॉवरची रेंज गेली आणि मुंबईचा व्यापारी फोनवर एप्रिलच्या पेट्यांचा हिशेब विचारतो आहे, अशा वेळी तो मेल आपल्या डिस्कवर असणे हाच खरा फायदा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज आणि नेट नव्हते. अशा काळात लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत तरी कागदपत्रे वाचता येतात.

दुसरा फायदा म्हणजे तीन-चार पत्ते (घरचा, होमस्टेचा, संस्थेचा) एकाच खिडकीत दिसतात. सतत लॉगआउट-लॉगइन करावे लागत नाही.

जीमेलच्या वेबमेलमध्येही क्रोम ब्राउझरसाठी ऑफलाइन सोय आहे, पण ती ७, ३० किंवा ९० दिवसांपुरतीच मेल ठेवते. तेवढ्याने काम भागत असेल आणि पत्ता एकच असेल, तर बदलायची गरज नाही. रोज वेगवेगळ्या संगणकावर बसणाऱ्यांनीही वेबमेलच वापरावा.

२. माझा ई-मेल पत्ता बदलेल का? गिऱ्हाइकांना कळवावं लागेल?

नाही. पत्ता, पासवर्ड, जुने मेल सगळे तेच राहते. वाचायचे साधन तेवढे बदलते. वेबमेलही पूर्वीसारखा चालू राहतो.

३. आउटलुक घ्यावं की थंडरबर्ड?

थंडरबर्ड मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मेलला ते बांधलेले नाही. बहुतेकांना आम्ही हेच सुचवतो.

आउटलुक या एका नावाखाली मात्र तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिले जुने 'क्लासिक' आउटलुक, जे ऑफिससोबत विकत मिळते. दुसरे विंडोजमधले मोफत 'नवे' आउटलुक. तिसरी आउटलुक डॉट कॉम ही वेबमेल सेवा. विंडोजमधल्या जुन्या 'मेल' ॲपचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आले. नव्या आउटलुकमध्ये जीमेल जोडताना ते तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवायची परवानगी मागते. म्हणजे मेल सरळ सर्व्हरवरून तुमच्या संगणकावर न येता मध्ये आणखी एका ठिकाणी थांबतो. हे चालत असेल तर घ्या, पण परवानगीची खिडकी न वाचता पुढे जाऊ नका.

४. आयमॅप आणि पीओपी असं विचारतंय. काय निवडू?

आयमॅप. जवळजवळ प्रत्येकाने.

आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि संगणकावर त्याची जुळवलेली प्रत येते. मोबाइलवर वाचलेला मेल संगणकावरही वाचलेला दिसतो. पीओपीमध्ये प्रोग्राम इनबॉक्समधले मेल उतरवून घेतो आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरचे पुसूनही टाकतो. पाठवलेले मेल आणि इतर फोल्डर त्याला दिसतच नाहीत.

पीओपी अजून उपयोगी पडते ते एका ठिकाणी: होस्टिंगवाल्याने डोमेनच्या पत्त्याला अगदी थोडी जागा दिली असेल आणि मेल एकाच संगणकावर वाचायचा असेल तेव्हा. तेव्हाही 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' वर खूण ठेवा आणि १४ दिवसांसारखी मुदत घाला. जीमेल दोन संगणकांवर पीओपीने वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, 'एकावर आला तो दुसऱ्यावर येत नाही.' त्यावर उपाय म्हणजे यूजरनेममध्ये पत्त्याच्या आधी इंग्रजीत 'रीसेंट' हा शब्द आणि विसर्गासारखे चिन्ह (कोलन) लिहायचे. मग गेल्या ३० दिवसांचे मेल प्रत्येक संगणकाला मिळतात. पण त्यापेक्षा आयमॅपवर जाणे सोपे.

५. संगणकावर मेल डिलीट केला तर जीमेलमधूनही जाईल का? प्रत तर माझ्याकडे आहे ना?

जाईल. सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजातून होते. आयमॅपची प्रत हा आरसा आहे. इथे पुसले की तिथे पुसले जाते, आणि तिथे पुसले की पुढच्या जुळवणीत इथलेही जाते. थंडरबर्डमध्ये डिलीट केलेला जीमेलचा मेल 'बिन' किंवा 'ट्रॅश' फोल्डरमध्ये जातो आणि जीमेल तो ३० दिवसांनी कायमचा काढून टाकते. शिफ्ट धरून डिलीट दाबले तर प्रोग्राम तो बिनमध्ये न नेता थेट काढायला जातो. ती सवय लावूच नका.

आणखी एक सापळा सेटिंग्जमध्ये आहे. 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' या पानावर वरच्या भागात 'सर्वांत अलीकडचे इतके दिवस जुळवा' असा पर्याय आहे. तो निरुपद्रवी, कारण त्याने फक्त संगणकावर किती मेल उतरवायचे ते ठरते. त्याच पानाच्या खालच्या भागात 'इतक्या दिवसांपेक्षा जुने मेल डिलीट करा' असा दुसरा पर्याय आहे. तो संगणकावरची प्रत आणि सर्व्हरवरचे मूळ, दोन्ही कायमचे पुसतो. डिस्कची जागा वाचवायला लोक वरच्याऐवजी खालच्यावर खूण करतात आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार घालवून बसतात. तिथे 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' हेच निवडलेले असू द्या.

## बसवताना

६. थंडरबर्डमध्ये जीमेल खातं जोडायचं कसं?

थंडरबर्ड डॉट नेट या अधिकृत जागेवरूनच प्रोग्राम उतरवा. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून नको. उघडल्यावर नाव, पूर्ण ई-मेल पत्ता आणि विचारला तर पासवर्ड भरा. 'कंटिन्यू' दाबल्यावर तो स्वतःच सर्व्हरची माहिती शोधतो. आयमॅप निवडलेले आहे ना ते पाहून पुढे जा. मग गूगलची साइन-इनची खिडकी उघडते. तिथे पासवर्ड, मोबाइलवरची खात्री आणि शेवटी 'अलाउ'.

हाताने भरायची वेळ आलीच तर येणाऱ्या मेलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल-टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ आणि एसएसएल-टीएलएस, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस. यूजरनेम म्हणजे पूर्ण पत्ता, नुसते पुढचे नाव नव्हे. ऑथेंटिकेशनमध्ये 'ओऑथ २' (म्हणजे पासवर्ड प्रोग्रामला न देता मेल सेवेच्याच साइन-इन खिडकीतून परवानगी देणे). जुन्या माहितीत 'जीमेलमध्ये जाऊन आयमॅप चालू करा' असे लिहिलेले सापडेल. वैयक्तिक खात्यांत २०२५ पासून ते कायम चालूच असते, म्हणून ते बटण आता दिसत नाही.

७. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी घेत नाही!

बहुतेक वेळा पासवर्ड बरोबर असतो, पद्धत जुनी असते. वैयक्तिक जीमेलसाठी नुसता पासवर्ड घेणे गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केले आणि आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. अकाउंट सेटिंग्जमधल्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड' असेल तर 'ओऑथ २' करा. जाणाऱ्या सर्व्हरसाठी हेच वेगळे करावे लागते. 'मेल येतात पण जात नाहीत' ही तक्रार बहुधा तिथेच अडकलेली असते.

साइन-इनची खिडकी उघडून कोरीच राहत असेल तर थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा. त्या चालू हव्यात.

प्रोग्राम जुना असेल आणि त्याला ओऑथ येतच नसेल, तर गूगल खात्यात दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करा आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाका. गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की ॲप पासवर्ड रद्द होतात आणि ओऑथवाल्यांनाही पुन्हा साइन-इन करावे लागते. त्यात बिघाड काही नाही.

८. याहू, झोहो, शाळेचा किंवा होमस्टेच्या डोमेनचा पत्ता असेल तर?

याहूसाठी आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ९९३. पाठवायला एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ४६५. झोहोच्या मोफत डोमेन योजनेत आयमॅप आणि पीओपी दोन्ही नसतात. त्यामुळे कितीही वेळा सेटिंग भरले तरी जोडणी होणार नाही, सशुल्क योजना घ्यावी लागते. होस्टिंगवरच्या डोमेनची माहिती होस्टिंगच्या पॅनेलमध्ये, मेल खात्याच्या सेटिंगखाली मिळते. बँक किंवा सरकारी कार्यालयाचा पत्ता बाहेरच्या प्रोग्राममध्ये जोडायला अनेकदा मनाई असते. आधी कार्यालयात विचारा.

९. पहिल्यांदा किती डेटा जाईल? आमच्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉटच आहे.

खात्यात जेवढे मेल, जवळजवळ तेवढा डेटा. जीमेल उघडून तळाशी पाहा, एकूण वापरलेली जागा दिसते. तो आकडा ड्राइव्ह आणि फोटो धरून असतो. नुसत्या मेलचा वाटा गूगल वनच्या स्टोरेज पानावर वेगळा दिसतो.

समजा मेल ९ जीबी आहेत. हॉटस्पॉटवर हे एकदम उतरवू नका. खाते जोडल्याबरोबर 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' मध्ये जाऊन प्रश्न ५ मधला वरचा पर्याय ३० दिवसांवर ठेवा. नंतर फायबर असलेल्या ठिकाणी, नातेवाइकांकडे किंवा तालुक्याच्या गावी, लॅपटॉप नेऊन मुदत काढून टाका आणि रात्रभर चालू ठेवा. तरीही एका दिवसात सगळे येणार नाही. जीमेल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीच उतरवू देते आणि त्यापुढे गेल्यास जोडणी २४ तासांपर्यंत अडवू शकते. म्हणजे ९ जीबीला चार दिवस धरा. हे काम मे महिन्यात उरका, मृग लागायची वाट पाहू नका.

१०. इनबॉक्समध्ये एकदम हजारो मेल आले आणि प्रत्येक मेल दोनदा दिसतोय. काय चुकलं?

काही चुकले नाही. जीमेलमधले 'प्रायमरी', 'प्रमोशन्स', 'सोशल' हे कप्पे फक्त वेबमेलच्या दिसण्यात आहेत. आयमॅपवर ते सगळे एकाच इनबॉक्समध्ये येतात. जाहिरातींसाठी जीमेलमध्येच फिल्टर करून त्यांना लेबल लावा आणि 'इनबॉक्स वगळा' वर खूण करा. ते लेबल थंडरबर्डमध्ये वेगळे फोल्डर म्हणून दिसेल.

दोनदा दिसण्याचे कारण लेबल हेच. जीमेलमध्ये मेल एकच असतो आणि त्याला लेबले अनेक असतात. आयमॅप प्रत्येक लेबलाला फोल्डर समजते. शिवाय 'ऑल मेल' मध्ये सगळेच असते. वेबमेलमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधल्या 'लेबल्स' पानावर जाऊन 'ऑल मेल' आणि 'इम्पॉर्टंट' यांपुढची 'शो इन आयमॅप' ची खूण काढा. डिस्क आणि डेटा दोन्ही वाचतात. पण आर्काइव्ह केलेले मेल फक्त 'ऑल मेल' मध्येच असतात. आर्काइव्ह करायची सवय असेल तर ते फोल्डर ठेवा आणि बाकीची लेबले लपवा.

११. मोबाइल, घरचा संगणक आणि दुकानातला लॅपटॉप, तिन्हीकडे चालेल का?

आयमॅप असेल तर चालेल. मोबाइलवरचे जीमेल ॲप आहे तसेच राहू द्या.

'टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स' असा संदेश आला तर कारण हे: जीमेल एका खात्याला एकाच वेळी १५ जोडण्या देते आणि थंडरबर्ड प्रत्येक संगणकावर पाचपर्यंत धरून ठेवते. सर्व्हर सेटिंग्जमधल्या 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन कमाल जोडण्या ५ वरून २ करा. कमकुवत नेटवर तसेही कमी जोडण्याच बऱ्या पडतात.

## लाइट, नेट आणि पावसाळा

१२. नेट गेलेलं असताना मेल लिहिला तर तो कुठे जातो?

खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात जोडणीचे छोटे चिन्ह असते. ते दाबून 'वर्क ऑफलाइन' करा. मग 'सेंड' दाबलेला मेल 'लोकल फोल्डर्स' (सर्व्हरशी न जुळणारे, फक्त संगणकातले फोल्डर) खालच्या 'आउटबॉक्स' मध्ये थांबतो. नेट आल्यावर तेच चिन्ह पुन्हा दाबले की पाठवायचे का ते विचारतो. विचारले नाही तर आउटबॉक्सवर राइट-क्लिक करून 'सेंड अनसेंट मेसेजेस'.

ऑफलाइन न करता पाठवायला गेलात तर तो काही वेळ झगडतो आणि चूक दाखवतो. मेल हरवत नाही, लिहायची खिडकी उघडीच राहते. तिथे कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा, म्हणजे तो आउटबॉक्समध्ये जाईल. आउटबॉक्समधला मेल फक्त त्याच संगणकात असतो. संगणक बंद करून झोपलात तर बुकिंगचे उत्तर गेलेलेच नसेल.

पाऊस सुरू होण्याआधी 'फाइल', 'ऑफलाइन', 'डाउनलोड-सिंक नाउ' एकदा चालवा आणि मग राउटर बंद करून दोन वर्षांपूर्वीचा एखादा जोडफाइल असलेला मेल उघडून पाहा. उघडला तर तयारी झाली. नाही उघडला तर त्या फोल्डरची फक्त शीर्षके उतरली आहेत, मजकूर नाही.

१३. लाइट अचानक गेली. परत सुरू केल्यावर फोल्डर रिकामा दिसतोय.

बहुतेक वेळा मेल जागेवरच असतात आणि त्यांची अनुक्रमणिका बिघडलेली असते. लिहिता लिहिता वीज गेली की असे होते. फोल्डरवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. आयमॅप फोल्डर दुरुस्त करताना तो मेल पुन्हा उतरवतो, म्हणून नेट स्थिर झाल्यावरच करा आणि प्रश्न ९ मधली दिवसाची मर्यादा लक्षात ठेवा. 'लोकल फोल्डर्स' मधल्या फोल्डरला नेट लागत नाही.

'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' (पुसलेल्या मेलने अडवलेली डिस्कची जागा मोकळी करणे) चालू असताना वीज जाणे सर्वांत वाईट, कारण त्या वेळी मेलची पूर्ण फाइल नव्याने लिहिली जात असते. आकाशात गडगडाट असेल तेव्हा कॉम्पॅक्ट करू नका. डेस्कटॉप असेल तर साधा यूपीएस हवाच.

१४. मेल संगणकावर आलेच आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला? आणि घ्यायचा कसा?

आलेली प्रत आरसा आहे (प्रश्न ५). कोणी खाते हॅक करून सगळे पुसले तर पुढच्या जुळवणीत तुमच्या संगणकावरचेही पुसले जाईल. बॅकअप म्हणजे सर्व्हरशी संबंध तोडलेली प्रत.

आधी 'हेल्प', 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', 'प्रोफाइल फोल्डर', 'ओपन फोल्डर' असे जाऊन फोल्डर शोधा. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. आता तो पूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मेल, खाती, फिल्टर, पत्ते सगळे त्यात आले. साठवलेले पासवर्डही त्यातच असतात, म्हणून ती डिस्क कोणालाही देऊ नका. 'टूल्स' मधल्या 'एक्स्पोर्ट' ने झिप फाइलही होते, पण प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठे असेल तर ती वाट बंद.

कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असे आले तर पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही आणि थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवते. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

डिस्क कुठे ठेवायची याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि शेजारच्या कपाटातला बॅकअप एकाच पाण्यात जाण्याची ती वेळ होती. एक डिस्क माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर आणि दुसरी दुसऱ्या गावात ठेवा. गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर एक प्रत मुंबईला पाठवणे हा चांगला मार्ग आहे. दमट हवेसाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. वर्षातून निदान दोनदा, आंब्याच्या हंगामानंतर आणि दिवाळीला, नवी प्रत घ्या. जुनी लगेच पुसू नका.

१५. 'सर्टिफिकेट' किंवा 'सिक्युरिटी' ची चूक येते आणि एकही मेल उतरत नाही.

आधी संगणकाचे घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपमधला मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल (सीआर २०३२) संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या तारखेला सर्व्हरचे प्रमाणपत्र अस्तित्वातच नसल्यामुळे जोडणी नाकारली जाते. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. तारीख बरोबर असेल तर अँटिव्हायरसमधले मेल तपासणे तात्पुरते बंद करून पाहा. 'ॲड एक्सेप्शन' दाबून चूक झाकू नका.

## रोजच्या वापरात आणि अडनिड्या अडचणी

१६. जीमेलचे १५ जीबी भरले. जुने मेल संगणकावर हलवून जागा मोकळी करता येईल?

येईल, पण घाई नको. 'लोकल फोल्डर्स' खाली वर्षावार फोल्डर करा. जीमेलमधले एका वर्षाचे मेल निवडून 'कॉपी टू' करा, 'मूव्ह टू' नको. हलवताना नेट तुटले तर काय गेले आणि काय राहिले ते कळत नाही. एका वेळी ५०० ते १००० मेल पुरेत. दोन्हीकडची संख्या जुळते का आणि जोडफाइली उघडतात का ते पाहा. प्रोफाइलचा बॅकअप घ्या (प्रश्न १४). त्यानंतरच सर्व्हरवरचे पुसा आणि बिन रिकामी करा, तोपर्यंत जागा सुटत नाही. हे मेल मोबाइलवर आता दिसणार नाहीत आणि त्यांची जबाबदारी सर्वस्वी तुमच्या डिस्कवर आहे. जीएसटीची बिले आणि निर्यातीची कागदपत्रे सर्व्हरवरही राहू द्या.

१७. २४ एमबीची फोटोंची फाइल जोडली, तरी 'मोठी आहे' म्हणून परत आली.

मेलमधून जाताना फाइल अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २४ चे ३२ होतात. पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा २५ असेल तर तो परत पाठवतो. १८ एमबीच्या आत राहा. खोल्यांचे फोटो पाठवताना लांबी १६०० पिक्सेलपर्यंत कमी केली तरी पाहुण्याला स्पष्ट दिसतात आणि कमी रेंजमध्येही जातात.

१८. मराठीत लिहिलेलं समोरच्याला भलतंच दिसतं.

कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केले असेल तर समोरच्याकडे तो फाँट नसल्यास इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणारच. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करा. जुने परिपत्रक तसेच पाठवायचे असेल तर पीडीएफ करून जोडा. आलेला मेल वाचता येत नसेल तर 'व्ह्यू' मधले 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' करून पाहा. अर्थात जुन्या फाँटच्या मजकुरावर याने फरक पडत नाही.

१९. एका कंपनीकडून नेहमी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल येते. उघडत नाही.

पाठवणाऱ्याचे आउटलुक 'रिच टेक्स्ट' मध्ये पाठवते आहे आणि जोडफाइली त्या गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. त्यांना एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडायला सांगा. ते बदलत नसतील तर ते गाठोडे सोडणारे 'लुकआउट' नावाचे ॲड-ऑन थंडरबर्डसाठी मिळते.

२०. थंडरबर्डमध्ये फिल्टर केले, पण मोबाइलवर मेल तसेच पसरलेले दिसतात.

थंडरबर्डचे फिल्टर थंडरबर्ड चालू असतानाच चालतात. नेहमीची वर्गवारी जीमेलच्या फिल्टरमध्ये करा, ती सर्व्हरवरच होते. स्पॅमचेही तसेच आहे. परदेशी पाहुण्यांचे किंवा नव्या खरेदीदारांचे मेल जीमेलच्या 'स्पॅम' फोल्डरमध्ये अडकतात. ते फोल्डर आठवड्यातून एकदा पाहा आणि चांगला मेल तिथून उचलून इनबॉक्समध्ये टाका.

२१. होमस्टेच्या डोमेनवरून पाठवलं, पण समोरच्याला माझा जीमेलचा पत्ता दिसतो.

जाणारा सर्व्हर चुकीचा निवडला आहे. दोन खाती असली की थंडरबर्ड कधीकधी दोन्हींसाठी पहिलाच एसएमटीपी धरतो. जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्या पत्त्याने पाठवले, आणि तो पत्ता जीमेलमध्ये 'सेंड मेल ॲज' म्हणून नोंदवलेला नसेल, तर जीमेल पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून टाकते. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या पहिल्या पानावर तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' असतो. तिथे डोमेनचाच सर्व्हर निवडा. दुसऱ्याच सर्व्हरवरून गेलेला मेल डोमेनच्या एसपीएफ नोंदीशी (कोणत्या सर्व्हरवरून मेल पाठवायला परवानगी आहे त्या यादीशी) जुळत नाही आणि स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते.

२२. अँटिव्हायरसनं पूर्ण इनबॉक्सच उचलून नेला!

प्रश्न १४ मध्ये सांगितले तसे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये असतात. त्यांतल्या एका मेलमध्ये विषाणू सापडला की अँटिव्हायरस ती पूर्ण फाइल 'क्वारंटाइन' करतो. तिथून फाइल परत आणा. आयमॅप असेल तर पुन्हा उतरवता येते, पण लोकल फोल्डरला बॅकअपच वाचवतो. नंतर प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा. जोडफाइल उघडताना किंवा साठवताना तपासणी होतच राहते.

२३. कार्यालयात एकच संगणक आहे, सगळे वापरतात. माझे मेल कोणी वाचेल का?

त्याच विंडोज खात्याने बसणारा कोणीही वाचू शकतो. मेल डिस्कवर साध्या मजकुरासारखे असतात. थंडरबर्डचा 'प्रायमरी पासवर्ड' साठवलेले पासवर्ड झाकतो, उतरलेले मेल झाकत नाही. प्रत्येकाला वेगळे विंडोज खाते आणि वेगळा पासवर्ड द्या. लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्शनही (पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी सोय) चालू करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा.

२४. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला, तर मेल कसा तोडायचा?

दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून गूगल खाते उघडा. 'सिक्युरिटी' मध्ये जोडलेल्या ॲप्सच्या यादीत थंडरबर्ड शोधून त्याचा प्रवेश काढा. ॲप पासवर्ड वापरत असाल तर तो रद्द करा. मग मुख्य पासवर्ड बदला. यामुळे नवे मेल तिकडे जायचे थांबतात, पण आधी उतरलेले मेल त्या डिस्कवर राहतातच. ते वाचले जातील की नाही हे प्रश्न २३ मधले एन्क्रिप्शन आधी चालू केले होते का यावर ठरते. बँकेचे किंवा आधारचे तपशील त्या मेलमध्ये असतील तर बँकेलाही त्याच दिवशी कळवा.